गोळी बंद

कोल्हापूरच्या डॉक्टरने निळ्या पेनाने
माझ्या नाकावर दोन रेघा ओढल्या,
आरसा पुढे धरला,
आणि नाकाबद्दल काही बोलायच्या आधी विचारलं,
दुखण्याची गोळी घेता का?

मी म्हटलं, कधीतरी.

कधीतरी म्हणजे रोज रात्री, जेवणावर,
सहा वर्षं.
काजूच्या कारखान्यात सोलायला बसणाऱ्या बाईचा
उजवा अंगठा संध्याकाळनंतर तिचा राहत नाही.
कुबल मेडिकलमधला पोरगा मला लांबून बघतो
आणि न विचारता गुलाबी पट्टी काढून ठेवतो,
वर सुटे मागतो.

चौदा दिवस बंद, डॉक्टर म्हणाला.
सूज उतरवणारी कुठलीच नको, ॲस्पिरिन नको,
माशाच्या तेलाची कॅप्सूल नको.
रक्त पातळ होतं, मग टेबलावर थांबत नाही.
मी विचारलं, आणि मासे?
नर्स हसली. बांगडे खा हो तुम्ही.

वेंगुर्ल्यात शेजारच्या सत्यभामाने विचारलं,
ह्या वयात नाकाक काय झाला गो तुझ्या?
काहीच झालं नाही. तेच तर.
आठवीत नाटकाचे पार्ट वाटताना
घाडी मास्तर माझ्यापाशी थांबले, जरा मागे सरकून बघितलं,
म्हणाले, तू पडदा ओढ.
मी तीन वर्षं पडदा ओढला.
दोरी नारळाच्या काथ्याची होती.
आता दिवसभर अख्खा गर एका टोपलीत,
पाकळी दुसऱ्या,
तुकडा तिसऱ्या टोपलीत टाकते,
आणि टाकताना मला नेमकं ठाऊक असतं
मास्तरांनी मला कुठल्या टोपलीत टाकलं होतं.
यंदा भिशी लागली. बस, एवढंच.

पहिले चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी अंगठ्याने तोंड उघडलं.
मग मनगटाने, मग खांद्याने,
मग जिचं नावही मला माहीत नव्हतं अशा
मानेतल्या एका शिरेने.
ही सगळी इतकी वर्षं बोलत होती
आणि मी रोज रात्री त्यांच्या तोंडात
गुलाबी बोळा कोंबून निजत होते.

अकराव्या रात्री फ्रिजवरच्या डब्यात,
मेणबत्त्या आणि लाइटच्या बिलांखाली
एक सापडली. पट्टीत एकटीच उरलेली.
दिवा न लावता खाल्ली.
कोणाला कळणार होतं?
बंदरावर कुठल्यातरी होडीचं इंजिन धरत नव्हतं,
ते ऐकता ऐकता झोप लागली, गाढ,
लहानपणी लागायची तशी.

सकाळी भाकरी थापताना हात हलका.
आणि हलका आहे म्हणूनच भीती वाटली.
मी गप्प बसेन, ते जमतं मला,
पण रक्त कुठे गप्प बसतं?
ते सगळ्यांदेखत सांगणार.

पिठाच्या हातानेच फोन लावला.
नर्सने पानं उलटल्याचा आवाज आला.
ओरडेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.
ती म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत,
डॉक्टरांशी बोलून कळवते.
दुपारी तिचाच फोन आला. पुढच्या महिन्याची सात तारीख.
पुन्हा पहिल्यापासून मोजा.
अंगठ्यासाठी काय घेता येईल ते डॉक्टर सांगतील,
स्वतःच्या मनाने नको.
पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं होतं,
त्याचं काय, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी बाजारातून येताना
पोराने लांबून बघितलं, पट्टी काढून ठेवली.
मी ती बोटाने मागे सरकवली
आणि म्हटलं, शंभराचे सुटे दे.
तो बघतच राहिला.
गो मावशे, गुण इलो की काय?
नाय रे, म्हटलं,
आज पयलोच दिस.